ओलं गोणपाट

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब शुक्रवारी टाकला आणि शनिवारी सकाळपासून त्याला पाणी द्यायचं काम सोयराबाई आणि तिची सून हौसा यांच्याकडे आलं. मिस्त्रींनी स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे पाडून ठेवले होते. त्या वाफ्यांत चौदा दिवस पाणी उभं ठेवायचं. सुकलं की स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात आणि मग मुकादम पाणी मारणाऱ्या बाईच्या सात पिढ्यांची आठवण काढतो.

सोयराबाईनं जन्मभर वांग्या-मिरचीचे वाफे भिजवले होते. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीत ते तिच्या हातातलं काम. "हितं दगडाला पाणी घालायचं आनि दगडच उगवायचा," असं ती बंगळुरात आली त्या वर्षी हसून म्हणायची. आता तिसरं वर्ष होतं. आता ती तसं काही म्हणत नसे.

तिचा मुलगा कृष्णात सेंट्रिंगचा मिस्त्री. स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या, टेकू लावायचे, दिवस भरले की काढायचे. मुलगा जिथं फळ्या ठोकील तिथं आईनं आणि बायकोनं पाणी मारायचं. सर्जापूर रोडला तेव्हा, म्हणजे सत्त्याण्णव सालात, अजून नाचणीची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध ही चार मजल्यांची इमारत कंप्युटरवाल्यांसाठी उठत होती. मागच्या बाजूला मजुरांच्या पत्र्याच्या आठ खोल्या आणि त्यांच्यापुढे पाण्याची पाच पिंपं.

सोमवारी दुपारी हौसा पाइप हातात धरून जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली. नववा महिना सरत आला होता. सोयराबाई वरून ओरडली, "पाणी का थांबलं गं?" उत्तर आलं नाही म्हणून ती खाली आली.

"आत्या, हाडं मोडल्यागत झाल्यात. डोळं फिरवाय गेलं तरी दुखालंय."

"दिस भरल्यात पोरी. दुखनारच की."

पण मानेला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. सोयराबाईनं हात झटकन मागं घेतला आणि आधी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. समोर खोल्यांच्या दाराशी फक्त शेजारची हनमव्वा भांडी घासत होती.

ताप ही त्या साइटवर बोलायची गोष्ट नव्हती. पंधराच दिवसांपूर्वी गुलबर्ग्याच्या एका नवराबायकोला ताप आला. दोघं तीन दिवस पडून राहिली. इंजिनियर मुकादमाला म्हणाला, साइटवर रोगराई नको. देवाप्पा मुकादमानं त्याच दुपारी त्यांची खोली रिकामी करून घेतली. बाई धड उभी राहू शकत नव्हती, नवऱ्यानं डोक्यावर गाठोडं आणि काखेत बायको धरली आणि दोघं फाट्याच्या दिशेनं गेली. देवाप्पा वाईट माणूस नव्हता. निपाणीकडचा, मराठी-कानडी दोन्ही पाण्यासारखं बोलायचा, कुणाच्या पोराला खोकला झाला तर स्वतःच्या टेंपोतून न्यायचा. पण इंजिनियरचा शब्द त्याला देवाचा शब्द होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. असल्या माणसापुढं काय करणार?

"कुनाला बोलू नगंस. कृष्णातलाबी न्हाई," सोयराबाई म्हणाली. "त्येच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. दोन दिसात उतरंल."

तिनं सुनेला खोलीत निजवलं आणि दोन बायकांचं पाणी एकटीनं मारलं. संध्याकाळी कृष्णातनं विचारलं तर "कंबर धरलीया तिची" असं सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्यायचं पाणी भरायला पिंपावर गेली. पाच पिंपांतल्या चार पिंपांचं पाणी सिमेंटच्या हातांनी, घमेल्यांनी आणि थाप्यांनी चुन्यासारखं झालेलं असायचं. हात घातला तर बोटं चरचरायची. पाचव्या पिंपात मात्र बारीक किडे वळवळायचे, डोकं खाली, शेपूट वर. म्हणून पाचव्या पिंपाचं पाणी प्यायचं. हे सोयराबाईनंच शोधून काढलं होतं आणि सगळ्या खोल्यांना शिकवलं होतं. ज्या पाण्यात किडा जगतो ते माणसाला बाधत नाही. सिमेंटच्या पाण्यात कसला जीव जगतोय? पदराच्या चार घड्या घागरीवर धरून पाणी गाळायचं आणि पदरातले किडे परत पिंपात झटकायचे. किडे मेले तर पाणी बिघडलं हे कळणार कसं?

हनमव्वा रायचूरकडची, शेजारच्या खोलीतली. तीही पोटुशी, आठवा महिना होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण पाणी गाळायला भाषा लागत नाही. तीही पदर चारपदरी करून घागरीवर धरायची आणि किडे झटकताना सोयराबाईकडं बघून हसायची.

बुधवारी सकाळी हौसाच्या कळा सुरू झाल्या. ताप तसाच होता. कृष्णात देवाप्पाला टेंपो काढायला सांगायला धावला.

बाळंतपणाचा छोटा सरकारी दवाखाना दोन मैलांवर. तिथल्या नर्सबाई आधी काखेत काचेची नळी लावतात हे तिला माहीत होतं. ताप निघाला की त्या बाईला ठेवून घेत नाहीत, चिठ्ठी देऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडतात. तिथं पोट फाडतात असं बायका म्हणत. आणि धाडणार कशातून? देवाप्पाच्याच टेंपोतून. म्हणजे नर्सबाईनं ताप बघितला की देवाप्पाला कळलं, आणि देवाप्पाला कळलं की खोली गेली. ओली बाळंतीण घेऊन कुठं जायचं?

तिनं क्षणभर विचार केला आणि ती धावतच तळमजल्यावर गेली. नव्या खांबांना गोणपाटं गुंडाळलेली असतात. खांब तापू नये, सिमेंट आतून थंड राहावं म्हणून ती दिवसातून चारदा भिजवायची, तिनंच. दोन खांबांची दोन गोणपाटं तिनं सोडली, पिंपात बुडवली आणि पाणी गळत असतानाच खोलीत घेऊन आली.

"आत्या, नगं… थंडी वाजतीया…"

"जरा सोस माझे बाय. त्या काचंच्या नळीला कळू द्यायचं न्हाई."

एक गोणपाट पाठीला, एक पुढून पोटाच्या वर. हौसाचे दात वाजत होते. कळ आली की ती वाकायची आणि गोणपाटातलं पाणी जमिनीवर सांडायचं. सोयराबाईनं किराणा दुकानातून आणलेली तापाची गोळी तिच्या जिभेवर ठेवली, गोणपाट पुन्हा भिजवून आणलं, पुन्हा गुंडाळलं. खांबाला गुंडाळते तसंच, घट्ट. गुंडाळताना ती रडत होती. सून तिची भाचीच, सख्ख्या भावाची मुलगी. तिच्या अंगावर असलं खरबरीत ओलं ओझं घालताना तिला ब्रह्मांड आठवलं. पण हात थांबला नाही. टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा तिनं गोणपाटं काढली, कोरडं लुगडं नेसवलं आणि ओले केस पदरानं झाकले.

दवाखान्यात नर्सबाईनं कानडीत काहीतरी भराभरा विचारलं. त्यातला एक शब्द सोयराबाईला स्वच्छ समजला. ज्वर. तो काय कुणाला समजणार नाही? नर्सबाईनं कपाळाला हात लावून दाखवला, म्हणजे शंकाच नको. सोयराबाईनं मान हलवली. नाही. नळीत थोडंफार निघालं असेल. नर्सबाईनं नळी झटकली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि हौसाला आत घेतलं.

दोन वाजता मुलगी झाली. सावळी, डोक्यावर भरपूर जावळ, आणि आवाज असा की बाहेरच्या बाकावर कृष्णात दचकून उभा राहिला. हौसाचा ताप त्याच संध्याकाळी उतरला. सोयराबाईनं मनातल्या मनात जोतिबाला नारळ कबूल केला आणि झालं गेलं विसरून टाकलं. शुक्रवारी सगळी घरी आली. हनमव्वानं दोन दिवस स्लॅबला पाणी मारलं होतं, पोट सावरत. तिनं पोरीला हातात घेऊन कानडीत काहीबाही म्हटलं आणि कानामागं काजळाचं बोट लावलं.

रविवारी पाचवी. पाचव्या दिवशी सटवाई येऊन लेकराच्या कपाळी लिहून जाते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. लेखणी कुठली असणार? कृष्णातनं कानावरची मिस्त्रीची चपटी पेन्सिल काढून दिली, चाकूनं टोक करून. कागद देवाप्पाच्या हजेरीच्या वहीतून मागून आणला. पाटा-वरवंटा नव्हता, सोयराबाईनं एक धुतलेली वीट आणि गोल दगड मांडला आणि हळदकुंकू लावलं. दुपारचे चार वाजले होते.

"आत्या, ही दूध ओढंना," हौसा म्हणाली.

"निजली आसंल."

"न्हाई. सकाळधरनं न्हाई ओढलं. आनि आंग ऊन लागालंय."

सोयराबाईनं पोरीला घेतलं. मानेला हात लावला. तोच चटका. पाच दिवसांच्या मानेला, तिच्या अंगठ्याएवढ्या मानेला, तोच चटका. ती उठली, कृष्णातला म्हणाली, "देवाप्पाला बोलीव. टेंपो काढ म्हनावं." कागद-पेन्सिल तशीच राहिली.

लेकराच्या तापाला खोली रिकामी करायचा नियम नव्हता. उलट देवाप्पानं टेंपो असा हाकला की डोमलूरच्या अलीकडं हौसाला घट्ट धरून बसावं लागलं. शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात लेकरांचा वॉर्ड वेगळा होता. तिथं एक तरुण डॉक्टर होता, दोन दिवसांत झोपलेला नसावा असा. त्याला मराठी येत नव्हती. देवाप्पा मध्ये उभा राहिला. डॉक्टर कानडीत विचारी, देवाप्पा मराठीत सांगी, इकडून उत्तर गेलं की तो कानडी करून देई.

"किती दिवसांचं?"

"पाच."

"दूध?"

"सकाळधरनं न्हाई."

डॉक्टरनं छोट्या दवाखान्याचा कागद उलटासुलटा केला आणि काहीतरी विचारलं. देवाप्पा वळला.

"मावशी, डॉक्टर इच्यारत्यात, बाळंत व्हायच्या आदी हिला ताप होता काय?"

हौसा सोयराबाईकडं बघत होती. कृष्णातला तर काही माहीतच नव्हतं, तो डॉक्टरच्या हातातल्या लेखणीकडं बघत होता. आणि समोर देवाप्पा, ज्यानं गुलबर्ग्याच्या बाईला भर दुपारी बाहेर काढलं, तोच विचारत होता. त्याच्याच तोंडातून उत्तर डॉक्टरपर्यंत जायचं होतं. शिवाय कागदावर लिहिलेलंच होतं की नाही म्हणून. आणि आईचा ताप उतरून चार दिवस झाले, त्याचा लेकराच्या तापाशी काय संबंध? हे सगळं तिच्या डोक्यातून एका श्वासात गेलं.

"न्हाई," ती म्हणाली.

हौसानं मान खाली घातली.

देवाप्पानं "इल्ल" म्हणून सांगितलं. डॉक्टरनं लिहिलं आणि पोरीच्या मांडीत सुई टोचली. पोर रडली, पण पाच दिवसांपूर्वीचा तो आवाज आता नव्हता.

सोमवारी सकाळी पोरीची मांडी निळी पडली. सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ आली होती. पोटावर लाल बारीक ठिपके उठले होते, घामोळ्यांसारखे, पण बोट दाबलं तरी मावळत नव्हते. देवाप्पा रात्रीच साइटवर गेला होता. दहाच्या सुमाराला मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, चष्मा, कॉटनची साडी आणि वरून पांढरा कोट. त्या खाटेशी वाकल्या तेव्हा सोयराबाई हौसाला म्हणत होती, "अगं, टिपकं बघ की हिच्या पोटावर. कालच्याला न्हवतं."

डॉक्टरीणबाईंनी चटकन वर पाहिलं. "मराठी? कुठल्या तुम्ही?"

सोयराबाई तोंड उघडं ठेवून बघतच राहिली. तीन वर्षांत शिकल्या-सवरल्या माणसानं तिच्याशी तिच्या भाषेत बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी डॉक्टर विद्या. इथल्याच राजाजीनगरची. आमचे बाबा इथं फॅक्टरीत होते. स्वल्प थांबा हं आजी, आधी बाळ बघते." त्यांनी मांडी पाहिली, ठिपके पाहिले, डोळ्यांच्या पापण्या उलटवल्या. मग कागद हातात घेतला आणि तो वाचता वाचताच विचारलं, "बाळंतपणाआधी हिला ताप आला होता का? नीट आठवून सांगा."

कागदावर लिहिलेलं असून बाई पुन्हा विचारतेय. सोयराबाईनं दाराकडं पाहिलं. देवाप्पा नव्हता. तिच्या आणि डॉक्टरीणबाईंच्या मध्ये कुणीच नव्हतं.

"व्हता," ती म्हणाली. "सोमवारपासनं व्हता. डोळं दुकत व्हतं, हाडं दुकत व्हती. कळा आल्या त्या दिशीबी व्हता. मी लपिवला. वल्ली गोनपाटं गुंडाळली तिला, खांबाची. नळीत दिसू नये म्हनून."

कृष्णात भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. त्यांचा चेहरा रागाचा असता तर सोयराबाईला सोपं गेलं असतं. त्या फक्त थकल्यासारख्या दिसल्या. मग भराभर कानडीत नर्सना काय काय सांगितलं. मांडीत सुई नको, अजिबात टोचायचं नाही. रक्त तपासा. रक्तातल्या पेशी मागवा. कृष्णातला रक्त द्यायला पिटाळलं. सगळं करून झाल्यावर त्या सोयराबाईपाशी आल्या.

"आजी, हा डासाचा ताप असावा. डेंग्यू म्हणतात. पक्का कागद यायला आठ दिवस लागतील. आईला शेवटच्या दिवसांत आला की तिच्या रक्तातून बाळात जातो. आई बरी होते, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी बाळाला सुरू होतो. रक्त गोठत नाही. म्हणून ती मांडी तशी झाली."

"डासाचा? आमी तर गोदडी डोसक्यावरनं घिऊन निजतो."

"हा डास दिवसा चावतो. स्वच्छ पाण्यात होतो. साठवलेल्या, झाकण नसलेल्या पाण्यात. पाण्यात किडे वळवळताना बघितलेत कधी? डोकं खाली, शेपूट वर? त्यांचाच डास होतो."

सोयराबाई खाली बसली. पदर तिच्या मांडीवर होता, तोच, चारपदरी करून घागरीवर धरायचा. दर सकाळी ती त्यातून ते किडे जपून परत पाण्यात सोडत होती. जगू देत होती.

"म्या काल सांगितलं असतं तर?" तिनं विचारलं. "कालच्याला इच्यारलं व्हतं त्या डाक्टरनं. मी न्हाई म्हटलं."

"काल सांगितलं असतं तर मांडीत सुई दिली नसती. रक्त कालच मागवलं असतं."

"मग वाचली असती?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "आजी, या तापावर औषध नाही. मला नाही सांगता येत. अजून लढतेय ती, सरी? कळलं ना?" त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

त्या "नाही सांगता येत"चं काय करायचं ते सोयराबाईला कळेना. तू मारलंस म्हटलं असतं तर ती भिंतीवर डोकं आपटून मोकळी झाली असती. तुझा दोष नाही म्हटलं असतं तर विश्वास ठेवला नसता पण आधार तरी झाला असता. या बाईनं खरं तेच सांगितलं होतं, आणि ते जन्मभर पुरणार होतं.

कृष्णातचं रक्त चढवलं नाही, गट जुळला नाही. ते दुसऱ्या कुणाला गेलं. रक्तपेढीतून पिवळसर पाण्यासारख्या पेशींची पिशवी आली आणि थेंब थेंब पोरीच्या अंगात गेली. संध्याकाळी तिनं एकदा डोळे उघडले आणि हौसाच्या बोटाला मूठ आवळली. सगळ्यांना वाटलं, दुखणं उतरणीला लागलं. मंगळवारी सकाळी नाकातून रक्त आलं, मग तोंडातून. दुपारी बाराला नर्सनं नळ्या काढल्या.

बारसं झालं नव्हतं. इस्पितळाच्या कागदावर "हौसाबाईची मुलगी" एवढंच लिहिलं होतं.

देवाप्पा टेंपो घेऊन आला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. साइटच्या मागं, निलगिरीच्या रांगेपलीकडं कुणाच्याच नसलेल्या तुकड्यात कृष्णातनं खड्डा घेतला. तो रोज पाया खणणाऱ्या माणसांबरोबर काम करणारा, खड्डा सरळ, चारी कोपरे काटकोनात आले. ते बघून त्याला हुंदका आवरेना. त्यानं फावडं टाकलं आणि माती हातांनीच लोटली.

खोलीत वीट आणि गोल दगड तसाच होता. हळद वाळून गेली होती. कागद कोराच होता, त्यावर सिमेंटची बारीक धूळ बसली होती. सोयराबाईनं तो उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. शेवटी हौसानंच उचलला. पेन्सिल तिनं नवऱ्याच्या हातात दिली; उद्या कामाला लागणार होती. कागदाची घडी केली आणि पोलक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी हौसाच्या छातीत दूध दाटलं. दगडासारखं झालं, पोलकं भिजलं, ताप येईल की काय असं वाटू लागलं. अशा वेळी ओलं फडकं घट्ट बांधतात. सोयराबाईनं फडकं भिजवून पिळलं आणि सुनेच्या पाठीमागून गुंडाळायला लागली. निम्म्यावर तिचे हात थांबले. तेच होतं, तीच पाठ, तसंच ओलं. ती फडकं धरून तशीच उभी राहिली.

"बांधा आत्या," हौसा म्हणाली.

"हौसे, मी तुजं…"

"मीबी गप बसलो. मला का तोंड न्हवतं?" हौसानं मागं वळून पाहिलं नाही. "बांधा. दुकालंय."

सोयराबाईनं गाठ मारली.

कृष्णात कामावर गेला. आईशी तो बोलत होता, भाकरी दे, पाणी दे, एवढंच. पूर्वी तो जेवताना तिच्या ताटात चटणी ढकलायचा. आता ढकलत नव्हता. सोयराबाईनं त्याबद्दल कुणाला दोष दिला नाही.

गुरुवारी देवाप्पा दारात आला. "मावशी, आज तेरावा दिवस हाय. उद्याच्याला सुटलं. इतके दिवस हनमव्वानं मारलं पाणी, ती आता दमली. तेवढं दोन दिवस काढा." त्याचं बोलणं मऊ होतं. पोरीला मातीत ठेवलं त्या दिवशी त्यानंही खड्ड्यातली माती कपाळाला लावून घेतली होती.

सोयराबाई वर गेली. वाफ्यांत पाणी चांगलं टाचभर उभं होतं. ती वाकली. पाण्यात ते होतेच. डोकं खाली, शेपूट वर. एका वाफ्यात, दुसऱ्या वाफ्यात, सगळ्या स्लॅबभर. तेरा दिवस तीन बायकांनी मिळून पोसलेले. पाइप तसाच वाहता टाकून ती खांबाच्या सळईला धरून उभी राहिली, तेव्हा खाली पिंपापाशी हनमव्वा दिसली. डोक्याला फडकं आवळून बांधलं होतं आणि घागर भरायच्या आधी ती पिंपाच्या काठावर कपाळ टेकून उभी होती.

सोयराबाई जिना उतरली. खाली येऊन तिनं हनमव्वाच्या मानेला हात लावला.

हनमव्वानं आधी बांधकामाकडं पाहिलं, देवाप्पा कुठं आहे ते. मग दोन्ही हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती कानडीत पुटपुटत होती. एकही शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. दोन दिवसांत उतरेल, सांगू नका, खोली जाईल, या पोटानं कुठं जाऊ?

गप्प बसलं तर हिची खोली राहील. बोललं तर हौसाचा लपवलेला तापही बाहेर येईल आणि दोन्ही खोल्या जातील. ओली बाळंतीण, रिकाम्या ओटीची, कृष्णात आधीच बोलत नाही. सोयराबाईला हे सगळं दिसत होतं. गेल्या वेळीही दिसलं होतंच.

तिनं हनमव्वाचं मनगट धरलं. "चल," ती म्हणाली. दुसऱ्या हातानं पिंपाचा काठ धरून जोर लावला. निम्म्यावर आलेलं पिंप कलंडलं आणि पाचव्या पिंपाचं गोडं पाणी भसकन मातीत गेलं. खोल्यांतल्या दोन बायका ओरडत बाहेर आल्या. ती थांबली नाही. हनमव्वाला हाताला धरून, हळूहळू, तिच्या चालीनं, फाट्याकडं निघाली.

देवाप्पा दुसऱ्या मजल्यावरून ओरडला. "मावशी! अवो कुठं निघालाय? वर स्लॅब सुकाय लागंल!"

"सुकू दे!"

तो धावत खाली आला आणि वाटेत आडवा झाला. फळ्यांच्या ढिगापाशी कृष्णात हातोडा घेऊन उभा होता. तोही बघत होता. हनमव्वा सोयराबाईच्या मागं लपायचा प्रयत्न करत होती, पण पोट लपत नव्हतं.

"हिला ताप हाय," सोयराबाई म्हणाली. इतक्या मोठ्यानं की वरचे गवंडीसुद्धा थांबले. "ज्वर. कळालं? माझ्या हौसालाबी व्हता, बाळंत व्हायच्या आदी. तुला भिऊन मी लपिवला. नर्सबाईम्होरं लपिवला, डाक्टरनं इच्यारलं तवा तुज्या तोंडावर खोटं बोललो. म्हनून पोर गेली."

देवाप्पाचा चेहरा उतरला. त्यानं इमारतीकडं पाहिलं, इंजिनियरच्या खोलीकडं पाहिलं. पुन्हा तिच्याकडं पाहिलं. "मावशी, मला इंजिनियरला सांगावं लागंल," तो हळू आवाजात म्हणाला. "खोली… खोली रिकामी करावी लागंल तुमाला. हिलाबी."

"करतो की," सोयराबाई म्हणाली. "आदी हिला मोठ्या इस्पितळात पोचवून येतो."

देवाप्पा बाजूला झाला. फाट्यापर्यंत ऊन होतं. शंभरेक पावलं गेल्यावर तिला मागं पावलांचा आवाज आला. कृष्णात होता. त्यानं कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली, हनमव्वाचा दुसरा हात धरला, आणि तिघं बसची वाट बघत उभी राहिली.